परीक्षा संपेपर्यंत

कारेलीबाग, बडोदे
१८ मे २०२४

चि. मोहना,

तुझं पत्र मिळालं. पोस्टमन ते वॉचमनकडे टाकून गेला होता आणि वॉचमनने त्यावर चहाचा कप ठेवला होता, त्यामुळे फ्रायबुर्गच्या वसंत ऋतूचं वर्णन मी तपकिरी गोलातून वाचलं. तुझी काकू म्हणते, पोरगी तिकडे बसून पत्रं लिहिते, हा माणूस इथे बसून उत्तरं लिहितो, जगात फोन निघालाय हे या दोघांना कुणीतरी सांगा. पण यंत्र कानात घातलं की मला फक्त पंखा ऐकू येतो. व्हिडिओवर तुझे ओठ हलतात आणि मी मान डोलावतो. परवा तू 'दात काढला का' असं विचारलंस म्हणे, आणि मी 'झकास' म्हणालो. अंगठ्याने टाइप केलेलं मला वाचवत नाही. तेव्हा पत्रच बरं.

आता कामाचं. तुझ्या थीसिसचा विषय फॉर्मल्डिहाइड आहे हे वाचून हसू आलं. मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागात मी उभा जन्म त्याच्याच, म्हणजे फॉर्मालिनच्या, बरण्या भरल्या. तू आमच्याकडे राहायला आलीस तेव्हा सहा वर्षांची होतीस, आणि महिनाभर माझ्या मांडीवर बसली नाहीस, शर्टाला वास येतो म्हणून. आता त्याच वासावर डॉक्टर व्हायला निघालीस. बरं आहे.

तुला बळवंतराव आठवतात का? माझ्याबरोबर संग्रहालयात होते, तुला पेरू आणून द्यायचे. त्यांचं रक्त बिघडलंय. हाडातला मगज कच्चं रक्त बनवतो, पेशी पिकायच्या आतच मरतात. इतक्या वर्षांच्या फॉर्मालिनचा संबंध असू शकेल, पण खात्रीने सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणतात. बळवंतरावांनी मला विचारलं, हे द्रव्य शरीरात जाऊन नेमकं करतं तरी काय? मी आयुष्यभर मेलेल्या पेशी टिकवल्या, जिवंत पेशीतलं मला काय कळणार. तू सवडीने लिही, माझ्यासारख्याला समजेल असं. घाई नाही.

काकू मजेत आहे. तुझ्या वाटचा आमरससुद्धा मलाच खायला लावते.

माधवकाकाचे आशीर्वाद


फ्रायबुर्ग
११ जून २०२४

ती. काका,

बळवंतरावांचं वाचून वाईट वाटलं. पेरू आठवतात, आणि ते पेरू खिशातल्या चाकूने कापायचे आणि काकू ओरडायची, तो चाकू कुठे कुठे लागलाय देव जाणे, तेही आठवतं.

तुमचा प्रश्न. पहिली गोष्ट, फॉर्मल्डिहाइड फक्त बरणीतून येत नाही. आपलं शरीरही ते सतत थोडं थोडं बनवतं. मोठा हावरा रेणू आहे, समोर येईल त्याला चिकटतो. म्हणून शरीराने त्याला झाडून टाकायची सोयही ठेवली आहे. ती सोय पुरी पडेनाशी झाली की हा एका विकराला, म्हणजे एन्झाइमला, जाऊन चिकटतो आणि त्याचं काम मंदावतं. त्या विकराचं काम असतं एक पदार्थ तयार करायचं, आणि तो पदार्थ पेशीत सगळीकडे मिथाइल वाटत फिरतो. मिथाइल म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, बस्स.

आता हे मिथाइल कशाला लागतं? पेशी ते आपल्या डीएनएवर ठिकठिकाणी खुणेसारखं लावते. डीएनएतला मजकूर तोच राहतो, पण हा भाग वाचायचा आणि हा मिटून ठेवायचा, हे त्या खुणांवरून ठरतं. काकूच्या फळीवर एकसारखे डबे आहेत ना, चिठ्ठ्या लावलेले? चिठ्ठ्या गळल्या तर आतलं काही बदलत नाही, पण कधीतरी खिचडीत तुरटी पडते. तसंच. पेशी थोडे दिवस निभावून नेते. फॉर्मल्डिहाइड फार काळ जास्त राहिलं तर खुणा कमी होत जातात, असं उंदरांत दिसलं आहे. मी हे यकृताच्या पेशींत बघते आहे.

बळवंतरावांना म्हणावं, घाबरू नका, डॉक्टर सांगतील तसं करा. आणि तुमचं काय? तुम्हीही त्यांच्याइतकीच वर्षं त्या खोलीत होतात. एकदा रक्त तपासून घ्या.

थीसिस ऑक्टोबरात द्यायचा आहे. झोप नाही, केस गळताहेत, बाकी छान.

तुमची मोहना


कारेलीबाग, बडोदे
६ जुलै २०२४

चि. मोहना,

तुझं पत्र तीनदा वाचलं. आमच्या विभागात तीस वर्षांत एकाही प्राध्यापकाने इतकं सोपं करून सांगितलं नाही. डब्यांचं काकूला वाचून दाखवलं तर म्हणाली, माझ्या डब्यांना चिठ्ठ्या लागत नाहीत, मला हाताला कळतं.

माझं रक्त ठीक आहे. वजन जरा उतरलंय, पण या वयात उतरायलाच हवं.

एक शंका आहे, निव्वळ शास्त्र म्हणून विचारतो. समज, एखाद्या पेशीने वर्षानुवर्षं फॉर्मालिन सोसलंय. तुझ्या म्हणण्याप्रमाणे तिच्या खुणा आधीच विरळ झाल्या आहेत. अशा पेशीला वरून आणखी खुणा पुसणारं एखादं द्रव्य दिलं, तर काय होईल? अशी द्रव्यं असतात असं कुठेतरी वाचलं. माझ्या अडाणी तर्काने ते बुडत्याच्या डोक्यावर हात ठेवल्यासारखं वाटतं. पण तर्क आणि पेशी यांचं जमतंच असं नाही. तुझं मत कळव. इतर कुणाच्या मतापेक्षा मला तुझं हवं आहे.

घरी सगळं सुरळीत. मी चार दिवस दवाखान्याच्या बाजूला जात होतो, एका मित्राला सोबत म्हणून. काळजीचं काही नाही.

माधवकाका


फ्रायबुर्ग
१२ ऑगस्ट २०२४

ती. काका,

तुम्ही निवृत्त का झालात? तुमची शंका मी इथे गटाच्या बैठकीत मांडली आणि आमच्या मार्गदर्शक बाई खुर्चीत सरळ बसल्या. मग मी तो प्रयोगच करून टाकला. यकृताच्या पेशी घेतल्या, त्यांना काही आठवडे फॉर्मल्डिहाइडमध्ये ठेवलं, आणि मग खुणा पुसणारं औषध दिलं. अ‍ॅझासायटिडीन म्हणतात त्याला. नुसत्या औषधाने काही पेशी मेल्या. पण ज्यांनी आधी फॉर्मल्डिहाइड सोसलं होतं त्या सरसकट गेल्या. चौथ्या दिवशी ताटलीत बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तेव्हा तुमचा तर्क बरोबर. आगीत तेल. अशा पेशींना ते द्रव्य देणं म्हणजे फॉर्मल्डिहाइडचं अर्धवट राहिलेलं काम आपल्या हाताने पुरं करणं. हे वाक्य मी जवळजवळ असंच थीसिसमध्ये लिहिलं आहे, आणि त्या प्रकरणात तुमचे आभार मानणार आहे, नाही म्हणू नका.

खूप दिवसांनी काहीतरी मनासारखं झालं, काका. इतके महिने वाटत होतं की आपल्याला काही येत नाही. आज रात्री मी नीट जेवणार आहे.

तुमची मोहना


कारेलीबाग, बडोदे
२० सप्टेंबर २०२४

चि. मोहना,

तुझं पत्र पुराच्या नंतर पोचलं. विश्वामित्री यंदा आमच्या सोसायटीत शिरली, तळमजल्याच्या गाड्या बुडाल्या, वीज गेली, पाणी गेलं. मगर आली मगर आली म्हणून पोरं गच्चीवरून ओरडत होती. आली नव्हती, ओंडका होता. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, म्हणून वाचलो. काकूने वरच्या शाहबेनच्या गॅसवर सगळ्या जिन्याला पुरेल एवढी खिचडी केली.

तेवढे दिवस कुठे जाता आलं नाही. गंमत म्हणजे त्यात मला बरं वाटलं. मधे काही महिने तोंडाला चव नव्हती, पोटात ढवळायचं, जिना चढताना दोनदा टेकायला लागायचं. आता चव आली आहे. नवरात्रीच्या तयारीसाठी मांडवीपर्यंत चालत गेलो आणि परत आलो. अशा वेळी माणसाला आपल्या शरीराचं ऐकावंसं वाटतं.

तुझ्या प्रयोगाबद्दल वाचून छाती भरून आली. पत्र खिशात घेऊन फिरतोय. एका निर्णयाला त्याचा उपयोग झाला. कोणत्या ते विचारू नकोस, म्हातारपणी माणसाला बारीकसारीक निर्णय असतात.

आता लक्ष फक्त थीसिसकडे दे. इकडची काळजी करू नकोस. तुझी तोंडी परीक्षा झाली की मग निवांत बोलू.

माधवकाका


फ्रायबुर्ग
२४ नोव्हेंबर २०२४

ती. काका,

हे पत्र मी उभ्या उभ्या लिहिते आहे. याच्या आधी तुम्हाला मेसेज गेला आहे, तो काकूकडून वाचून घ्या. पत्र पोचेपर्यंत थांबू नका.

काल इथल्या दवाखान्यातल्या एका रक्ताच्या डॉक्टरबरोबर जेवत होते. माझा प्रयोग सांगितला. तो म्हणाला, गंमत आहे, हेच औषध आम्ही म्हाताऱ्या पेशंटना रोज देतो, ज्यांच्या हाडातला मगज कच्चं रक्त बनवतो त्यांना. काका, बळवंतरावांचा आजार तुम्ही याच शब्दांत लिहिला होता. त्या आजारात काही खुणा गळलेल्या असतात, पण काही भलत्याच जागी चिकटून बसलेल्या असतात आणि रक्ताला पिकू देत नाहीत. औषध त्या पुसतं, आणि बिघडलेल्या पेशी मारतं. पहिले तीन-चार महिने रक्त आणखी उतरतं, माणूस गळून जातो, आणि मग हळूहळू उचलतं. मधेच सोडलं की चार दिवस हुशारी वाटते आणि मग रोग दुप्पट जोराने उलटतो. माझा प्रयोग ताटलीतला होता. यकृताच्या पेशी होत्या, रक्ताच्या नव्हेत, आणि इतका डोस माणसाला कुणी देत नाही. हे सगळं मला तेव्हा माहीत होतं. तुम्ही शाबासकी द्याल या खुशीत मी ते लिहिलं नाही.

म्हणून लगेच काकूला फोन केला, बळवंतराव कसे आहेत विचारलं. ती म्हणाली, अगं, ते करोनातच गेले की.

मग कुणाचं रक्त, काका? मी तिला विचारलं, काकांना काय झालंय? ती म्हणाली, कुकर लावलाय, नंतर बोलू, आणि फोन ठेवला. बारावीच्या वेळी आजोबा गेले तेव्हाही तुम्ही दोघांनी असंच केलं होतं. शेवटचा पेपर देऊन आले, काकूने पान वाढलं, मी जेवले, आणि मग तुम्ही सांगितलंत. आपल्या घरात परीक्षा संपेपर्यंत कुणी मरतसुद्धा नाही.

उद्या सकाळी त्या डॉक्टरकडे जा. सोडलं असेल तर पुन्हा सुरू करा. माझी परीक्षा दोन आठवड्यांनी आहे, ती पुढे ढकलते आणि येते. तुम्ही नको म्हणालात तरी येते.

मोहना


कारेलीबाग, बडोदे
१९ जानेवारी २०२५

चि. मोहना,

तू परत गेलीस त्याला आठवडा झाला. पडून लिहितो आहे, अक्षर लावून घे. मोठ्या दवाखान्यातून मला घरी पाठवलं आहे. तुला सांगितलं तेच त्यांनी तुझ्या काकूलाही सांगितलं, की आता औषधाचा काळ गेला, रोगाने रूप बदललं, रक्त चढवत राहायचं तेवढं.

तू इथे होतीस तेव्हा तुझ्या काकूसमोर बोलता आलं नाही, आणि तू कानाशी ओरडून काही सांगितलं असतंस तर ते तिलाही ऐकू गेलं असतं. तू माझ्या पायाशी बसून पाय चेपत राहिलीस. तुझ्या तोंडाकडे बघवत नव्हतं. म्हणून लिहितो.

फाल्गुनीबेन बक्षी चांगली डॉक्टर आहे. तिने मला कागदावर लिहून दिलं होतं, काका, पहिले महिने धीर धरा, इंजेक्शनांच्या पाचव्या फेरीनंतर बघू. मी तीन फेऱ्यांपर्यंत धरला. चौथी पुरात बुडाली, आणि मग तुझं पत्र आलं. तुझ्या पत्रामुळे मी थांबलो हे खरं आहे, ते खोटं सांगून तुला फसवणार नाही. पण तुला मी अर्धाच प्रश्न विचारला. माझं नाव घालून विचारलं असतं तर तू धावत फाल्गुनीबेनकडे गेली असतीस. तुझी परीक्षा बिघडू नये म्हणून मी मेलेल्या माणसाला आजारी केलं. आणि घरची मुलगी सांगते ते दुनियेपेक्षा खरं, असं मानायला मला फार आवडलं. याची खंत वाटते, मोहना. मला जगायचं होतं. अजून जगायचं आहे, हेच अवघड आहे.

फाल्गुनीबेनला मी सांगितलं की पुढचे उपचार पुण्याला घेणार. तुझ्या काकूला सांगितलं की फाल्गुनीबेननेच इंजेक्शनं बंद केली, आता गरज नाही म्हणाली. तिचा माझ्यावर विश्वास, तिने मिठाई आणली.

आता एकच मागणं. तिला हे कळू देऊ नकोस. मी गेल्यावर तिला कुणावर तरी रागवायला लागेल, तिचा स्वभाव तुला माहीत आहे. डॉक्टरवर रागावली तर दोन महिन्यांत विसरेल. तुझ्यावर रागावली तर तिला या जगात कुणी उरणार नाही.

थीसिस मान्य झाला, आता तोंडी तेवढी उरली, हे तू सांगितलंस तेव्हा मी ऐकलं नाही, पण ओठांवरून कळलं.

माधवकाका


कारेलीबाग, बडोदे
१६ मार्च २०२५

चि. मोहना,

मला पत्र लिहायची सवय नाही, ते खातं यांचं होतं. पण हे फोनवर बोलवत नाही. बोलायला लागले की शाहबेन खाली येते आणि तिच्या डोळ्यांना पाणी, मग मला तिचीच समजूत काढायला लागते.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी गेले ते एका अर्थी बरं. दुसऱ्या दिवशी शंकराच्या सवारीसाठी रस्ते बंद होते, पोचवणं मुश्कील झालं असतं. तुझा पासपोर्ट त्या व्हिसाच्या कचेरीत अडकला आणि तू येऊ शकली नाहीस, ते मी मनाला लावून घेतलेलं नाही. लक्ष्मीकांतभावजींनी सगळं केलं. तेरावं झालं. माणसं गेली. आता घरात पंखा तेवढा वाजतो, आणि तो मला ऐकू येतो.

मी स्वस्थ बसणार नाही, मोहना. यांची इंजेक्शनं मधेच बंद कुणी केली? त्या फाल्गुनीबेनने. मोठ्या दवाखान्यातला डॉक्टर माझ्यासमोर म्हणाला की औषध चालू राहिलं असतं तर दोन वर्षं, कदाचित जास्तही मिळाली असती. दोन वर्षं म्हणजे किती, ते माझ्यासारखीला विचार. मी गेल्या सोमवारी तिच्या दवाखान्यात गेले आणि पेशंट बसले होते त्यांच्या देखत सुनावलं. मी म्हटलं, तुम्ही माझ्या माणसाला मारलंत. ती उभी राहिली, तोंड पांढरं पडलं. 'मासी, अंदर आवो, पाणी पीओ,' म्हणाली. मी म्हटलं, पाणी तुमच्याकडेच ठेवा. मग काहीतरी पुण्याचं काढलं, काका पुण्याला जाणार होते म्हणे. बघ, मेलेल्या माणसावर ढकलायला लाज नाही. यांनी पुण्याचं नावही काढलं नव्हतं.

भावजींच्या ओळखीने कळलं, अशा डॉक्टरांची तक्रार वर करता येते. इंग्रजीत लिहायची आणि शास्त्रासकट लिहायची. ते माझं काम नाही. तू आता डॉक्टर झालीस, याच विषयातली झालीस. हे औषध बंद केल्याने काय होतं ते तुझ्याइतकं नीट कोण लिहील? तू लिही, खाली माझी सही. तिची पाटी उतरली पाहिजे. मला दुसरं काही नको. एवढ्यावर मी उरलेले दिवस काढीन.

तू जेवतेस ना?

काकू


फ्रायबुर्ग
२ एप्रिल २०२५

प्रिय काकू,

तक्रार लिहायला बसले होते. चार दिवस बसले. लिहिता येत नाही, कारण फाल्गुनीबेननी काहीही बंद केलं नाही.

इंजेक्शनं काकांनी स्वतः बंद केली. माझ्या पत्रामुळे केली. आजार दुसऱ्याचा आहे असं भासवून त्यांनी मला विचारलं होतं, फॉर्मालिन सोसलेल्या पेशींना असं औषध दिलं तर काय होईल. मी एक प्रयोग केला आणि लिहिलं, पेशी मरतात, हे आगीत तेल आहे. माझ्या प्रयोगाचा माणसाच्या रक्ताशी संबंध नव्हता, आणि ते मी लिहिलं नाही. कौतुक करून घ्यायच्या नादात होते. त्यांनी वाचलं आणि विश्वास ठेवला. पुण्याचंही खरं आहे, त्यांनीच डॉक्टरना तसं सांगितलं. तुला वेगळं सांगितलं.

डिसेंबरात मी आले तेव्हा मला माझ्या पत्राचं माहीत होतं, काकू. तुझ्या हातचं थालीपीठ खाल्लं तेव्हा माहीत होतं. तू मला विमानतळावर म्हणालीस, तू होतीस म्हणून मला धीर होता, तेव्हाही माहीत होतं. तुला हे कळू देऊ नकोस असं काकांनी नंतर पत्रातून मागून घेतलं. तू डॉक्टरवर रागावशील आणि विसरशील, माझ्यावर रागावलीस तर एकटी पडशील, असं त्यांना वाटलं. तू विसरत नाहीस हे मला माहीत आहे. आणि त्या बाईंची पाटी मी कुठल्या तोंडाने उतरवू? त्यांनी काकांना कागदावर लिहून दिलं होतं की धीर धरा.

तो प्रयोग माझ्या थीसिसमध्ये आहे. परीक्षकांनी नेमकं तेच प्रकरण वाखाणलं. आभाराच्या पानावर काकांचं नाव छापलं आहे. मला ते पान उघडवत नाही.

मला माफ कर असं लिहिणार होते, पण ते मागायचा हक्क मला वाटत नाही. तुला काय वाटतं ते लिही. काहीही लिही.

मोहना


कारेलीबाग, बडोदे
२७ एप्रिल २०२५

मोहना,

पत्र मिळालं. दोन आठवडे उत्तर दिलं नाही, देणारही नव्हते.

फाल्गुनीबेनकडे जाऊन आले. पुन्हा पेशंटांच्या देखतच बोलले, कारण आधीचंही त्यांच्या देखत बोलले होते. ती म्हणाली, 'मासी, में बंध नहोतुं कर्युं, में त्रण वार फोन कर्यो हतो.' तीनदा फोन केला होता तिने. यांच्या मोबाइलवर. बहिऱ्या माणसाच्या खिशात तो वाजत राहिला. मग तिने पाणी दिलं आणि मी प्यायले.

तुझी चूक किती आणि यांची किती हे मला ठरवता येत नाही. तुला विचारलं ते तू सांगितलंस, हे डोक्याला कळतं. आणि माझी? तुझी परीक्षा, तुझी परीक्षा म्हणून मी तोंड शिवून बसले. तू मे महिन्यात फोनवर विचारलंस, काका कसे आहेत, मी म्हटलं मजेत. त्या दिवशी खरं बोलले असते तर तू त्यांना ते पत्र लिहिलंच नसतंस. हे मी रोज उगाळते. आजोबांच्या वेळी लपवलं ते चांगलं केलं असं मी अभिमानाने सगळ्यांना सांगत असे, पोरीला नव्वद टक्के पडले म्हणून.

पण हे सगळं कळूनही मला तुझा राग येतो. तुझं नाव निघालं की हातातलं काम थांबतं. यांनी जाताना ओळखलं होतं तसंच झालं, फक्त मी एकटी पडेन याची त्यांना काळजी होती, तर एकटं पडणंच मला सध्या बरं वाटतं आहे. तू वाईट मुलगी नाहीस. मी तुला सहा वर्षांची असल्यापासून वाढवलं, मला माहीत आहे. तरी तुझा आवाज ऐकवणार नाही, तेव्हा फोन करू नकोस. भावजींना खुशाली कळवत जा, ते मला सांगतील.

राग उतरला तर लिहीन. उतरला नाही तर तेही लिहीन, बरं वाटावं म्हणून खोटं लिहिणार नाही. या घरात ते पुष्कळ झालं.

तू दिवाळीचं तिकीट काढलं आहेस असं भावजी म्हणाले. ते रद्द कर.

काकू